अर्धी पिवळी गोळी

"ही पिवळी कुणाची?" औषधवालीनं मान वर न करता विचारलं. तिच्या एका हातात कात्री होती, दुसऱ्यात गोळ्यांची पट्टी, आणि कान नि खांदा यांच्यामध्ये फोन दाबून धरलेला. काउंटरवर डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या शेजारीशेजारी पडल्या होत्या, एक वहिनींची, एक औषध न्यायला आलेल्या तिची स्वतःची.

"माझी," ती म्हणाली.

"काय?"

"माझी आहे."

"अहो, जरा मोठ्यानं बोला, डोक्यावर पंखा आहे माझ्या."

"माझी. रक्त कमी आहे म्हणून दिलीय."

"मग ठीक. ज्यांच्यासाठी ही जुलाबावरची नेताय ना, त्यांच्या केमोच्या गोळ्या चालू आहेत. त्यांना ही पिवळी चुकूनसुद्धा देऊ नका हं. तसं व्हिटॅमिनच आहे, पण त्या गोळ्यांबरोबर नको. आतून सोलून निघतं माणूस." आणि मग फोनमध्ये, आवाज जराही न बदलता, "नको गं, कांदे आहेत घरात." कात्रीनं पट्टी कापली गेली, दोन पाकिटं एका पिशवीत पडली, आणि मागच्या माणसानं आपली चिठ्ठी तिच्या खांद्यावरून पुढे सरकवली.

एवढंच झालं. दुकानाच्या पायऱ्या आपण उतरलो हे तिला कळलं ते शेजारच्या चपलांच्या दुकानाच्या काचेपुढे उभं राहिल्यावर. काचेत चपला, बूट, सँडल ओळीनं मांडलेले होते, सगळे डाव्या पायाचे. जोडीतला दुसरा आत कुठेतरी खोक्यात असणार. हे तिनं आयुष्यभर पाहिलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, एवढी माणसं डावा पाय पुढे टाकून इथं थांबली आहेत आणि कुणीच दुसरा पाय टाकत नाही. आतून सोलून निघतं माणूस. हे वाक्य औषधवालीच्या आवाजात आलं होतं, पण आता ते वहिनींच्या आवाजात ऐकू यायला लागलं, पूर्वीच्या, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या आवाजात, खणखणीत, प्रत्येक अक्षर वेगळं. वहिनी म्हणजे तिच्या थोरल्या जाऊबाई. नोकरीची सगळी वर्षं कानाला यंत्र लावून त्यांनी लोकांच्या लायनी जोडल्या होत्या, आणि साऱ्या दुनियेला एकच सांगणं होतं त्यांचं: मोठ्यानं बोला. ही लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिल्याच दिवशी वहिनींनी कपाळाला हात लावला होता. "अगं, ही बोलते की वाफ सोडते?" आणि मग हिची जपाची माळ, ओठांची ती सततची हालचाल बघून नाव ठेवून दिलं, पुटपुटी. नवरासुद्धा पुढे त्याच नावानं हाक मारायचा. दोघी जावा, दोघींचे नवरे गेलेले, चौथ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. एकीला देव नको आणि दुसरीचा देवावाचून घोट उतरत नाही. तरी इतकी वर्षं निभलं. निभलं कसलं, बरं चाललं होतं.

तिनं पिशवीतून एक पाकीट बाहेर काढलं आणि मुठीत धरलं. दोन्ही एकत्र राहायला नकोत असं काहीतरी. मग मूठ उघडून पाहिलं तर हातात जुलाबाचं पाकीट आलं होतं, पिवळं आतच होतं. तिला उगीचच भीती वाटली, जणू पिवळ्यानंच ठरवलं होतं कुणी बाहेर यायचं ते.

सकाळी दिलीच होती की. आज सकाळीही. चमच्याच्या पाठीनं चुरून, केळ्यात कालवून. सवयीचा हात आपोआप जातो तसा हात गेला होता, ओठांवर जप होता. वहिनींनी वाडगा घेतला होता, तोंड सुजलेलं, एकेक चमचा गालाच्या आतल्या बाजूला लागू न देता घशाकडे ढकलत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी. "बास गं." "एवढाच राहिलाय." "एवढाच, एवढाच, कसायासारखी मागे लागतेस." आणि खाल्लं होतं. वाडगा पुसून खाल्लं होतं.

तिच्या नवऱ्याच्या वेळी ती जेवली होती. हे एकच तिला स्वतःविषयी पक्कं ठाऊक होतं, बाकी सगळं मागेपुढे व्हायचं. हॉस्पिटलातली सिस्टर म्हणाली होती, तुम्ही खाऊन या, ते झोपलेत. आणि ती खाली कँटीनमध्ये गेली होती. भूक लागली होती, खरीखुरी, हातापायांना कंप सुटेल अशी. भात घेतला, आमटी घेतली, परत घेतला. बोटं चाटली. समोरच्या टेबलावरचा ड्रायव्हर कसला तरी विनोद सांगत होता आणि तिला हसूसुद्धा आलं होतं, ते नीट आठवतं. तृप्त होऊन, पदराला हात पुसत ती जिना चढली, जड पोटानं, सावकाश, आणि वर कॉटभोवतीचा पडदा ओढलेला होता. पुढे महिनोन्‌महिने पोट भरलं की त्याच्या आत तो पडदा ओढल्याची कड्यांची किणकिण ऐकू यायची. वहिनी तेव्हा सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाल्या होत्या, "जेवलीस ते बरं केलंस. तू उपाशी राहिली असतीस म्हणून तो थांबणार होता का?" जगात तेवढं एकच वाक्य तिच्या बाजूनं बोललं गेलं होतं. ते वहिनींचं होतं.

म्हणून वहिनींच्या आतड्यात गाठ सापडली, ऑपरेशन झालं, पुढे गोळ्यांचं औषध सुरू करायचं ठरलं, त्या संध्याकाळी दिव्यापुढे बसून तिनं नेम धरला. माझ्या तोंडात जे जाईल त्यातलं निम्मं आधी त्यांच्या तोंडात जाईल. त्या उठून हिंडायला लागेपर्यंत. आणि कुणाला कळणार नाही. कळलं की तो नेम राहत नाही, नुसती फुशारकी होते, असं तिची आई मानायची आणि तीही मानायची. शिवाय त्या बोलण्यात, मनातल्या मनात का होईना, एक पुढचा भागही होता. हे मोडलं तर. तर काय, ते तिनं उच्चारलं नव्हतं. देवाला कळलं असणार. शब्दात न सांगितलेलं त्याला लवकर कळतं असा तिचा अनुभव.

मग सगळं निम्मं झालं. पोळी निम्मी, फळ निम्मं, दुधाचा पेला निम्मा. वहिनी वैतागायच्या, "माझ्या ताटात तुझं कशाला? मी काय भिकारीण आहे?" "मला नाही जात." "जात नाही म्हणे! गुपचूप उपास करत असशील तुझ्या त्याच्यासाठी." 'तुझा तो' म्हणजे देव. ती हसून निम्मी पोळी त्यांच्या ताटात सरकवायची. हळूहळू तिचे हात काटकुळे झाले, जिना चढताना कानांत समुद्र वाजायला लागला, आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली. "रक्त कुठंय तुमच्यात? काही खाता की नाही?" त्या पिवळ्या गोळ्या दिल्या. रोज एक. घरी येऊन तिनं पट्टीतून पहिली गोळी काढली, पाणी घेतलं, आणि हात तोंडापाशी थांबला. हेही तोंडात जाणारच की. गोळीच्या मधोमध एक रेघ होती. बारीक, सरळ, कुणीतरी आधीच आखून ठेवल्यासारखी. सुरीचं टोक ठेवलं आणि टक्‌ झालं, दोन सारखे तुकडे. तिला इतकं बरं वाटलं होतं. इतकं सोपं करून दिलं होतं तिला. ताकदीचीच गोळी, तिला ताकद, वहिनींना ताकद. औषध म्हणजे आजाराचं. हे तर अन्नातलंच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पालेभाजीत असतं.

आता रस्त्यानं चालताना तो टक्‌ आवाज पुन्हा पुन्हा यायला लागला. कुठल्याशा घरात कुणी खिडकी लावली, टक्‌. सिग्नलचा दिवा बदलला. एका बाईनं पर्सचं बटण दाबलं. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सुरुवातीला समजावलं होतं ते तिला तेव्हा गोष्टीसारखं वाटलं होतं. ही गोळी जे भराभर वाढतं त्याला मारते, गाठ भराभर वाढते म्हणून. पण आतड्याचं आतलं अस्तर पण भराभर वाढतं, रोज जुनं झडतं, रोज नवं येतं, गोळीला दोघांतला फरक कळत नाही. ते ऐकून तिच्या डोळ्यांपुढे एक लांबच लांब खोली आली होती, आणि तीत बसून रोज कापड विणणाऱ्या बायका, न बोलता, पिढ्यान्‌पिढ्या. आणि आता त्या खोलीत कुणीतरी शिरून मागावरचं सूत कापत होतं. ती रोज सकाळी जपाच्या वेळी त्या बायकांसाठीही दोन शब्द बोलायची. आणि तिच्याच हातचा तो पिवळा चुरा रोज सकाळी त्या खोलीचं दार आतून उघडून देत होता. या, म्हणत होता. या, आत या.

तिनं जिना चढायच्या आधी कठड्याला धरलं.

घरात पाऊल टाकलं तेव्हा फ्लशचा आवाज चालू होता. त्या आवाजाला घरात आता माणसासारखी जागा झाली होती. पाणी सुटायचं, पाइपातून खाली खाली जायचं, मग टाकी भरताना एक बारीक शीळ, आणि शीळ थांबते न थांबते तो पुन्हा. दोघींच्या संसारात तिसरं कुणी राहायला आलं होतं आणि ते फक्त संडासातूनच बोलायचं. सुरुवातीला वहिनी थट्टा करायच्या. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या लायनी जोडल्या, आता माझीच लाइन सारखी लागते." पोटात गुरगुर झाली की, "आत कुणीतरी भांडी घासतंय बघ, पुटपुटे, जा जरा मदत कर." मग तोंड आलं, जिभेच्या कडा, गाल, घसा, सगळीकडे पांढरट चट्टे, आणि तळहात लाल होऊन सालपटं निघायला लागली, तशी थट्टा कमी झाली. त्यांचा आवाज खाली खाली येत गेला. आता वहिनी कुजबुजायच्या आणि ही, "काय म्हणालात?" म्हणून वाकायची. घरातले आवाज कुणीतरी अदलाबदल करून ठेवले होते.

वहिनी भिंतीला धरून बाहेर आल्या. गाऊन खांद्यावरून घसरलेला. "आणलंस?"

"आणलं."

"एवढा वेळ?"

"गर्दी होती."

"तोंड का असं पडलंय? दुकानात कुणी बोललं का काही?" मग पलंगावर टेकत, शब्दाशब्दाला थांबत, "ऐक. आज मी डॉक्टरला सांगणार आहे. बास म्हणणार. गाठीनं मरेन तेव्हा मरेन, या संडासात बसून मरायचं नाहीये मला."

ती स्वयंपाकघरात गेली. सकाळचा वाडगा सिंकमध्ये तसाच होता. कडेला केळ्याची सुकलेली रेघ आणि तिच्यात एक पिवळा कण, डोळ्यातल्या चिपडाएवढा. तिनं नळ सोडला. कण जाईना. नखानं खरवडला, तो नखात बसला. मग दुसऱ्या हाताच्या नखानं ते नख. पाणी वाहत होतं आणि तिला हळूहळू एक वाट सुचत गेली, इतकी साधी की तिला हुंदका आला. उद्यापासून नाहीच द्यायची. कुणाला काही बोलायचं नाही, नेमही राहील, आणि गोळी हे काही अन्न नव्हेच, देव एवढा शब्दाशब्दावर अडणारा नाही. त्रास आपोआप कमी होईल. केळं मात्र निम्मं. तिनं हात पुसले. मग पुसता पुसता थांबली. आज दुपारीच डॉक्टर गोळ्या बंद करणार. वहिनी बास म्हणणार आणि डॉक्टर हो म्हणणार, कारण त्यांना वाटतंय हा सगळा त्या गोळ्यांचाच मार आहे, या बाईला त्या सोसत नाहीत. न सोसणारी बाई आहे म्हणून कागदोपत्री ठरणार आणि गाठीला रान मोकळं. गप्प राहिलं तर हे. आणि बोललं तर नेम मोडला, आणि मोडला तर. तो न उच्चारलेला भाग आता स्वयंपाकघरात तिच्या मागे येऊन उभा राहिल्यासारखा झाला. त्याला तोंड नव्हतं. त्याच्या कड्या फक्त किणकिणत होत्या.

टॅक्सीत वहिनींनी डोकं तिच्या खांद्यावर टाकलं. डोक्याचं काहीच वजन नव्हतं. तिनं खिडकीबाहेर बघत जप सुरू केला, पण शब्द अर्ध्यावर तुटत होते. पहिला निम्मा ओठांवर यायचा आणि दुसरा आतच राहायचा. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. "माताजींना हवा लागतेय का? काच वर करू?" "माताजी होईल तुझी सासू," वहिनी कुजबुजल्या. ड्रायव्हरला ऐकू गेलं नाही. तिला गेलं, आणि तशातही तिला हसू आलं, आणि हसू आल्याबरोबर कँटीनमधला ड्रायव्हर आठवला, त्याच्या विनोदावर आलेलं हसू, आणि तिनं पदरानं ओठ पुसले.

तपासणीच्या खोलीत खुर्च्या निळ्या होत्या आणि एका ट्यूबलाइटला कंप होता. सिस्टरनं छोटा टॉर्च पेटवला. "आ करा. मोठा आ. जीभ वर. अरे अरे." मग डॉक्टर आले, तरुण, सभ्य, डोळ्यांखाली काळं. त्यांनी तळहात पाहिले, पोट दाबून पाहिलं, रक्ताचा रिपोर्ट वरखाली वाचला. "एवढं व्हायला नको होतं. तुमचा डोस तसा बेताचाच आहे. दुसरं काही घेता का? काढा, पूड, कुणी दिलेलं काही?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या. आणि भिंतीकडे बघायला लागल्या, जिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"नक्की?"

"नाही म्हटलं ना. बंद करून टाका, डॉक्टर. माझं ठरलंय."

डॉक्टरांनी पेन हातात फिरवलं. "मलाही आज तेच सुचवायचं होतं. काहींना ही गोळी पेलतच नाही. थांबवू. पुढचं मग… बघू."

त्या 'बघू'चा उकार लांब होता. तो खोलीत राहिला. ट्यूबलाइटच्या कंपात मिसळून गेला. सिस्टर टॉर्च खिशात ठेवत होती, डॉक्टर कागदावर वाकले होते, आणि तिनं पाहिलं की पेनाचं टोक कागदाला लागलंय.

"मी देते," ती म्हणाली.

कुणीच मान वर केली नाही. पेन चाललं.

"मी देत होते त्यांना."

"काय म्हणालात?" डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले.

तिला वाटलं, झालं की सांगून. दोनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही हा काय आपला दोष? देवानंच ऐकू दिलं नाही. नेम शाबूत आहे. आणि तेवढ्यात शेजारून ती कुजबुज आली, चट्ट्यांनी भरलेल्या तोंडातून, वैतागलेली, "अगं, मोठ्यानं बोल ना पुटपुटे. मरायच्या आधी एकदा तरी ऐकू येऊ दे."

तेव्हा ती उभी राहिली. का उभी राहिली कोण जाणे, शाळेत उत्तर द्यायला उभं राहतात तशी. आणि स्वतःला परका वाटणाऱ्या, जाड, खरबरीत आवाजात, बाहेरच्या बाकावरच्या माणसांनी आत डोकावावं इतक्या मोठ्यानं ती म्हणाली, "माझी रक्ताची गोळी मी त्यांना देत होते! अर्धी! रोज! केळ्यात चुरून! त्यांना माहीत नव्हतं!"

काही झालं नाही. ट्यूबलाइट तसाच कंप पावत होता. तिनं पिशवीतून पट्टी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उलटी करून मागची अक्षरं वाचली, मग तिच्याकडे पाहिलं, आणि रागावतील असं वाटत असताना नुसतं विचारलं, "का?"

हे मात्र तिला सांगता येईना. तोंड उघडलं आणि नुसती वाफ आली.

"हे फॉलिक ॲसिड आहे," डॉक्टर सावकाश म्हणाले. "एरवी चांगलंच. पण यांची जी गोळी आहे तिला हे पेशींना जास्त घट्ट चिकटवून ठेवतं. थोडक्यात, आम्ही द्यायचो एक आणि पोटाला लागायचं जास्त. सगळं यानंच झालं असं मी म्हणणार नाही. किती यानं आणि किती त्यानं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण मग 'पेलत नाही' असं आज लिहायला नको." त्यांनी लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली. रेघ बारीक होती, सरळ. "दोन्ही थांबवा. आतलं भरून येऊ दे. मग कमी डोसवर पुन्हा सुरू करू. चालेल ना?"

वहिनींनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. त्या तिच्याकडे बघत होत्या.

टॅक्सी करून दोघी परतल्या. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबल्या तेव्हा वहिनी कठड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"काय?"

"पिवळं काहीतरी असतं ते. वाडग्याच्या कडेला दिसायचं."

"मग…"

"मला वाटलं तुझ्या देवाचं काही असेल. अंगारा नाहीतर काय ते. तुम्ही लोक देता ना कसली कसली पूड."

"पण तुम्ही तर मानत नाही."

"नाहीच मानत."

"मग खाल्लंत का?"

वहिनींनी कठड्यावरचा हात पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "केळं चांगलं होतं." आणि दोन पायऱ्या चढून, तिच्याकडे पाठ असताना, "आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा काय सांगायचं होतं? सगळ्या जन्मात देवाच्या नावानं बोटं मोडली आणि आता गपचूप अंगारा चाटतेय? लाज नाही वाटत माणसाला?" अजून एक पायरी. "एखाद्या दिवशी जरा बरं वाटायचं. तेव्हा वाटायचं, त्यानंच असेल."

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिला सलग आठवत नाही. जेवायला बसली की घास मोडताना हात थांबायचा, आणि कुणाच्या ताटात ठेवायचा ते कळेनासं व्हायचं. नेम तर त्या खोलीत उभं राहून तिनं स्वतःच मोडला होता. दिवा लावायची, पण दिव्याकडे बघायची नाही, सावकाराकडे बघत नाहीत तशी. एकीकडे वहिनींच्या तोंडातले चट्टे आकसत होते, आवाजाला कणा येत होता, संडासातलं ते तिसरं माणूस दिवसातून दोनदाच बोलायचं, मग एकदा. आणि प्रत्येक बऱ्या दिवसाबरोबर तिची भीती वाढत होती. न उच्चारलेलं ते घरात कुठेतरी होतं. त्याला घाई नव्हती. टाकीची शीळ थांबून सगळं शांत झालं की ती कान देऊन ऐकायची, आणि शांतता इतकी भरलेली असायची की तिला पाइपातलं पाणी बरं वाटायचं.

गोळ्या पुन्हा सुरू करायच्या त्या सकाळी ती केळं घेऊन गेली तर वहिनी पलंगावर नव्हत्या. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसल्या होत्या, केस विंचरून, एक्स्चेंजला निघाल्यासारख्या. पुढ्यात त्यांची गुलाबी गोळी, पाण्याचे दोन पेले, आणि शेजारी तिची पिवळी पट्टी. तिनं त्या दिवसापासून त्या पट्टीला हात लावला नव्हता. न मोडता गिळायची म्हणजे काय, ते तिला जमलंच नव्हतं.

"बस."

"तुम्ही आधी घ्या. खाऊन घ्या म्हणजे…"

"माझी मी घेते. आधी तू. डॉक्टरीण म्हणाली ना, रोज एक? मी फोन केला होता तिला. सांगितलं, आमच्याकडे एक शहाणी आहे, ती औषधाचासुद्धा प्रसाद करते."

तिनं पट्टीतून गोळी काढली. हात सवयीनं खणाकडे गेला, सुरी बाहेर आली, टोक रेघेवर टेकलं. वहिनींनी सुरी काढून घेतली. हातातून नुसती उचलून घेतली, लहान मुलाच्या हातातून घेतात तशी, आणि आपल्या मांडीवर ठेवली.

"आख्खी."

"वहिनी, मला नाही…"

"आख्खी. माझ्यासमोर."

तिनं गोळी जिभेवर ठेवली. पाणी घेतलं. गोळी इतकीशी होती, पण घशाच्या मध्यावर जाऊन थांबली, तिथं जिथं रोज तुकडा असायचा. दुसरा निम्मा आधी कुठेतरी जाऊ दे म्हणून वाट बघितल्यासारखी. तिचे डोळे भरले. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, होत नव्हती, पुन्हा करत होतं. मग घसा हलला.

"आ कर," वहिनी म्हणाल्या. फोनचा टॉर्च पेटवलेला होता त्यांच्या हातात. "मोठा आ. जीभ वर."

तिनं आ केला. उजेड डोळ्यांवर आला. त्या उजेडापलीकडे वहिनींचा चेहरा दिसत नव्हता, फक्त तळहात दिसत होता, नव्या कोवळ्या कातडीचा.

"गेली?"

"गेली."

"काय?"

"गेली!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज टाइल्सवर आपटून परत आला.

"हां." वहिनींनी आपली गुलाबी गोळी उचलली, तोंडात टाकली, पाणी प्यायल्या, आणि मग तिच्याकडे वळून स्वतःचं तोंड उघडलं. टॉर्च तिच्या हातात दिला. चट्टे गेले होते. जीभ, गाल, घशाची कमान, सगळं ओलं, गुलाबी, स्वच्छ. तिनं टॉर्च आणखी आत नेला. कमानीच्या मागे अंधार सुरू होत होता, आणि त्या अंधारात ती लांब खोली होती. तिथं काय चाललंय ते इथून दिसत नव्हतं. विणत असतील. कदाचित सूत कापत बसलेलंही कुणी असेल. ती बघत राहिली, वहिनी आ करून थांबून राहिल्या, आणि कुणीच "बास" म्हणालं नाही.